आईला घरी अँटिबायोटिक इंजेक्शन द्यायचंय, ते सुरक्षित आहे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय समजून उत्तर देतेय ते तुम्हाला कळेल.

तुमच्या आई ६२ वर्षांच्या, वजन ४८ किलो, शुगर आणि बीपी बरीच वर्षं आहे. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखत होतं म्हणून तासगावात तीन दिवस ॲडमिट केलं. लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं निघालं आणि कल्चरमध्ये (लघवीतला जंतू वाढवून त्याला कुठलं औषध चालतं ते बघण्याच्या तपासणीत) बऱ्याच औषधांना दाद न देणारा ई. कोलाय जंतू आला, रिपोर्टवर ईएसबीएल असं लिहिलंय. ताप उतरल्यावर घरी सोडलं आणि ॲमिकासिन या अँटिबायोटिकची उरलेली चार इंजेक्शनं, रोज एक, गावातल्या ओळखीच्या माणसाकडून घरीच घ्यायला सांगितली. सलाईनची सुई हातात तशीच आहे. शेजारी म्हणतात, "हेवी इंजेक्शन आहे, किडनी जाते." सोडताना सिस्टर म्हणाल्या, "टेस्ट डोस झालाय, काही होत नाही." यातलं खरं कोणाचं, आणि इंजेक्शनऐवजी गोळीवर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. डिस्चार्ज कार्डावर क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) १.३ आहे आणि आई गुडघ्यांसाठी अधूनमधून दुखण्याची गोळी घेतात, हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत. माझं निम्मं उत्तर त्या दोन गोष्टींतच आहे.

मी मिरजेत फिजिशियन आहे. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे अँटिबायोटिक बंद करा किंवा बदला असं मी सांगणार नाही, आणि तुम्हीही स्वतःहून ते करू नका. किडनीचं इन्फेक्शन अर्धवट सोडलं तर जंतू रक्तात पसरू शकतात आणि शुगर असलेल्या माणसाला ते फार महागात पडतं. मी सांगणार आहे ते असं, की आज त्यांच्या डॉक्टरांना फोन करून काय विचारायचं आणि घरी कशाकडे लक्ष ठेवायचं.

"इंजेक्शन सुरक्षित आहे का" याला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नसतं. कुठलं औषध, कोणाच्या शरीरात, किती वेगाने, आणि काही झालंच तर त्या खोलीत काय तयारी आहे, या चार गोष्टींवर ते ठरतं. आपल्याकडे लोक घाबरतात ते इंजेक्शन "हेवी" आहे किंवा "उष्ण पडेल" म्हणून. वायलवर ५०० लिहिलंय की १०००, यावरून ताकद मोजतात. या आकड्याला घाबरण्यासारखं काही नाही. दोन वेगळ्या औषधांच्या मिलिग्रॅमची तुलनाच होत नाही. ज्याला घाबरायला हवं ते मात्र कोणी विचारत नाही.

आता ॲमिकासिनकडे येऊ. हे जुनं, स्वस्त आणि अजूनही कामाचं औषध आहे. ईएसबीएल जंतूवर अनेकदा चालतं, लघवीत भरपूर उतरतं, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी ते निवडलं यात चुकीचं काही दिसत नाही. पण हे औषध शरीरातून बाहेर पडतं ते जवळजवळ सगळं किडनीतूनच. किडनी मंद असेल तर ते साठतं, आणि साठलं की किडनीला आणि कानाला इजा करतं. शेजारी बोलले त्यात तेवढा अंश खरा आहे.

मग आईंची किडनी कशी आहे? १.३ हा आकडा बघून "थोडंसंच वाढलंय" असं कोणालाही वाटेल. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. शेतात राबणाऱ्या धिप्पाड तरुणाचं १.३ आणि ४८ किलोच्या, साठी ओलांडलेल्या बाईंचं १.३ यांत फार फरक आहे. आम्ही डोस ठरवताना एक साधं गणित करतो, ते तुम्हीही कागदावर करून बघा. १४० मधून वय वजा करायचं, म्हणजे ७८. त्याला वजनाने गुणायचं, ७८ गुणिले ४८, ३७४४. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिन, म्हणजे ९३.६ ने भागायचं. ४० आले. स्त्रीसाठी ०.८५ ने गुणायचं, ३४ आले. निरोगी तरुण माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. म्हणजे रिपोर्टवर जवळजवळ नॉर्मल वाटणारी किडनी प्रत्यक्षात एक तृतीयांश जोरावर चालली आहे.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. ते १.३ ॲडमिट होतानाचं असेल, ताप आणि उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना घेतलेलं असेल, तर सलाईन लागल्यावर ते खाली आलेलं असू शकतं. मग चित्र वेगळं. आणि घरी सोडतानाचं असेल तर काळजी जास्त. म्हणून रिपोर्टवरची तारीख आधी बघा.

किडनी चांगली असेल तर ॲमिकासिन साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा देतात. आईंच्या वजनाला तो डोस ७२० मिलिग्रॅमच्या जवळपास येतो. किडनी मंद असेल तर डोस कमी करतात किंवा दोन डोसमधलं अंतर वाढवतात. रोजचा डोस किती लिहिलाय ते तुम्ही सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी कदाचित हा हिशेब करूनच तो लिहिला असेल. पण विचारायला काहीच हरकत नाही. फोनवर एवढंच म्हणा, "आईचं वजन ४८ आहे, शेवटचं क्रिएटिनिन एवढं आहे, अमुक तारखेचं आहे. डोस त्याप्रमाणे आहे ना? आणि पुन्हा क्रिएटिनिन कधी करायचं?" असं नेमकं विचारणारा नातेवाईक मला तरी आवडतो, कारण गर्दीच्या ओपीडीत अशा प्रश्नानेच एखादी राहिलेली गोष्ट नजरेस येते.

क्रिएटिनिन पुन्हा करण्यावर मी भर देतेय त्याला कारण आहे. ॲमिकासिनने किडनीला त्रास झाला तर तो सहसा पाच-सात दिवसांनी दिसू लागतो, आणि लघवीचं प्रमाण कमी होतंच असं नाही. "लघवी भरपूर होतेय, म्हणजे किडनी बरी आहे" हा ताळा इथे लागू पडत नाही. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आईंचे तीन डोस झालेत, अजून चार व्हायचेत, म्हणजे तपासायची वेळ हीच आहे. वेळेत लक्षात आलं तर किडनी बहुतेक वेळा सावरते.

कानाचं तसं नाही. ऐकू कमी आलं तर ते बऱ्याचदा कायमचं असतं. कानात गुंईऽ असा आवाज, चालताना तोल जाणं, टीव्हीचा आवाज वाढवावा लागणं, यातलं काही दिसलं तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणि आईंना एक विचारा. त्यांच्या आई, मामा, मावशी, सख्खी भावंडं यांपैकी कोणाला इंजेक्शनं घेतल्यावर बहिरेपणा आला होता का? पूर्वी टीबीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं महिनोन्महिने देत. ते याच गटातलं औषध. काही घराण्यांत आईकडून येणारा एक जनुकीय दोष असतो, त्यात या गटाच्या थोड्या डोसनेही कान जातात. "मामांना टीबीच्या सुयांनी ऐकू येईनासं झालं" अशी आठवण कोणी सांगितली, तर ती डॉक्टरांच्या कानावर घालाच.

गुडघ्याची गोळी आजच बंद. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, मेडिकलमधून "कॉम्बी" म्हणून मिळणाऱ्या पाकिटातल्या गोळ्या, सगळ्या. या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि त्यात ॲमिकासिन म्हणजे दुहेरी मारा. दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल चालेल. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. त्यांची नावं फोनवर वाचून दाखवा, कारण टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवी जास्त होण्याची गोळी किंवा मेटफॉर्मिन असेल तर किडनी बघून डॉक्टर काही बदल करतील. हृदयासाठी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर पाणी नीट प्यायला द्या.

आता टेस्ट डोस, म्हणजे पूर्ण इंजेक्शनआधी थोडंसं औषध टोचून बघणं. सिस्टरांनी धीर देण्यासाठी तसं म्हटलं असेल, पण त्या शब्दावर विसंबू नका. ॲमिकासिनला कातडीत टोचून बघण्याचा काही उपयोग नाही. किडनी आणि कानाचा त्रास कुठल्याही टेस्ट डोसने आधी कळत नाही. ॲलर्जीची खरी धास्ती असते ती पेनिसिलिन आणि सेफट्रायॅक्झोनच्या गटाला, आणि तिथेही टेस्ट डोसला काही झालं नाही म्हणून पूर्ण डोसला रिॲक्शन येणार नाही याची हमी नाही. पूर्वी चार वेळा ते इंजेक्शन सोसलेल्या माणसाला पाचव्या वेळी रिॲक्शन येऊ शकते.

टेस्ट डोसपेक्षा नीट सांगितलेला इतिहास मला जास्त मोलाचा वाटतो. "आईला इंजेक्शनची ॲलर्जी आहे" एवढ्याने डॉक्टरला काही कळत नाही. औषधाचं नाव काय, दिल्यावर किती मिनिटांनी किंवा दिवसांनी झालं, अंगावर गांधी उठल्या की नुसती मळमळ झाली, दम लागला का, ॲडमिट करावं लागलं का, हे एका कागदावर लिहून फाईलला लावा. जुने केसपेपर फेकू नका. परदेशात मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिलंय. "पेनिसिलिनची ॲलर्जी" असा शिक्का असलेल्या दहातल्या सुमारे नऊ जणांना प्रत्यक्षात ती नसते. हा शिक्का चुकीचा असला तर माणूस आयुष्यभर चांगल्या, स्वस्त औषधाला मुकतो. आणि खरा असून सांगितला नाही तर जीव जाऊ शकतो.

जीवघेणी रिॲक्शन कशी दिसते ते घरातल्या सगळ्यांना माहीत असावं. शिरेतून इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच, कधी अर्ध्या तासाने, तळहात-तळपाय खाजायला लागतात, अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, आवाज घोगरा होतो, घसा आवळल्यासारखा वाटतो, छातीत घरघरतं. माणूस म्हणतो, "मला कसंतरीच होतंय." मग घाम, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार. काही वेळा गांधी उठतच नाहीत, थेट बीपी पडतं. यावरचं पहिलं औषध ॲड्रेनलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटरच्या नेहमीच्या अँप्यूलमधलं निम्मं, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, लगेच. आपल्याकडे आधी एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि डेक्सोना (स्टेरॉइड) देऊन वाट बघायची सवय फार आहे, आणि ती मला मनापासून खटकते. एव्हिलने खाज थांबेल, पण पडलेलं बीपी आणि सुजलेला घसा तेवढ्याने सावरत नाही. माणसाला आडवं झोपवून पाय वर करायचे, दम लागत असेल तर टेकून बसू द्यायचं, पण उठवून चालवत न्यायचं नाही. आणि १०८ ला फोन. तात्पुरतं बरं वाटलं तरी काही तासांनी रिॲक्शन पुन्हा उलटू शकते, म्हणून हॉस्पिटलमध्ये काही तास थांबायलाच हवं.

यावरून तुमच्या "घरी घ्यावं का" या प्रश्नाचं उत्तर निघतं. ॲमिकासिनला अशी रिॲक्शन क्वचित येते आणि आईंचे तीन डोस हॉस्पिटलमध्ये नीट झालेत, त्यामुळे ॲलर्जीचा धोका कमी आहे. तरीही देणारा "ओळखीचा माणूस" कोण आहे ते बघा. प्रशिक्षित नर्स असेल, ॲड्रेनलिन जवळ ठेवत असेल, इंजेक्शन दिल्यावर अर्धा तास थांबत असेल, तर चालेल. कुणाच्या दवाखान्यात बघून बघून शिकलेला असेल तर नको. तुमच्या गावाला लागतं त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डिस्चार्ज कार्ड घेऊन जा आणि रोज सकाळी तिथे इंजेक्शन देण्याची विनंती करा. जायला थोडा त्रास होईल, पण तिथे डॉक्टर असतात. उद्या कधी सेफट्रायॅक्झोन किंवा पेनिसिलिन घरी घ्यायची वेळ आली, तर ॲड्रेनलिन आणि ते देता येणारा माणूस हजर नसेल तिथे एकही डोस घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

कुठेही घेतलं तरी इंजेक्शन भरताना जवळ उभे राहा. वायलवरचं नाव आणि मुदत वाचा. सिरिंज आणि सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे. गुजरातमध्ये मोडासा इथे २००९ साली वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे काविळीची मोठी साथ आली, हिपॅटायटिस बी ची, आणि त्यात अनेकांचे जीव गेले. नुसती सुई बदलून तीच सिरिंज वापरणंही चालत नाही.

वेग हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. ॲमिकासिन शिरेतून द्यायचं तर १०० मिलिलिटरच्या सलाईनमध्ये मिसळून अर्धा ते एक तास चालवतात. "जायची घाई आहे" म्हणून सिरिंजने एकदम ढकलू देऊ नका. प्रत्येक औषधाची चाल वेगळी. व्हॅन्कोमायसिन भरभर सोडलं तर चेहरा-मान लालबुंद होते आणि बीपी पडतं, त्याला निदान तासभर लागतो. सेफट्रायॅक्झोन आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईनमध्ये मिसळत नाहीत, कारण त्यातल्या कॅल्शियमशी त्याचे बारीक खडे बनतात. तान्ह्या बाळांच्या बाबतीत ते जीवघेणं ठरलेलं आहे. आणि कमरेवर देताना दुखू नये म्हणून सेफट्रायॅक्झोन लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात कालवतात, ते मिश्रण शिरेत कधीच द्यायचं नसतं. नळीत मोहरीएवढा हवेचा बुडबुडा दिसला की नातेवाईक धावत येतात. त्याने मात्र काही होत नाही.

हातातली सुई रोज नीट बघा. ती जागा लाल झाली, शीर दोरीसारखी कडक लागली, सूज आली किंवा औषध जाताना आग झाली, तर ती सुई काढायची. तीन-चार दिवसांच्या पुढे तीच सुई ठेवायची असेल तर विचारून ठेवा. आईंचे तीन दिवस झालेच आहेत. शुगर असलेल्या माणसात सुईच्या जागेवरून नवीन इन्फेक्शन व्हायला वेळ लागत नाही. त्या हाताने भांडी, धारा काढणं, शेणघाण हे चार दिवस नको.

आता गोळीचं. बऱ्याच जणांना वाटतं इंजेक्शन म्हणजे जोरदार आणि गोळी म्हणजे दुय्यम. लिव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, मेट्रोनिडाझोल यांसारखी औषधं पोटातून जवळजवळ पूर्ण शोषली जातात, रक्तात इंजेक्शनइतकीच पोचतात. ब्रिटनमध्ये हाडा-सांध्यांच्या इन्फेक्शनच्या हजारांहून जास्त रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या काही दिवसांनंतर गोळ्यांवर आणलेले रुग्ण इंजेक्शनवाल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. म्हणून दोन-तीन दिवसांनी ताप उतरला, खाणं-पिणं सुरू झालं आणि कल्चर हातात आलं, की "आता गोळीवर येता येईल का" हा प्रश्न विचारणं अगदी योग्य आहे.

आईंच्या बाबतीत उत्तर त्या कल्चरच्या कागदावर आहे. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा कोट्रायमॉक्साझोल यांच्यापुढे "एस" (जंतूवर औषध चालतं) असेल तर गोळीचा पर्याय डॉक्टर विचारात घेऊ शकतात. फक्त नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिनपुढे "एस" असेल तर त्यावर हट्ट धरू नका. ती औषधं मूत्राशयाच्या इन्फेक्शनला चांगली, किडनीच्या इन्फेक्शनला पुरत नाहीत. बाकी सगळीकडे "आर" (जंतू दाद देत नाही) असेल तर इंजेक्शनच लागेल, आणि किडनीचा आकडा खराब असेल तर ॲमिकासिनऐवजी दुसरं इंजेक्शन निवडता येतं. ते महाग असेल, पण पर्याय आहे.

तुम्ही असंही विचारलंत की गावात साध्या तापालाही एक इंजेक्शन मारतात, ते घ्यावं का. नको. सर्दी-खोकल्याच्या व्हायरल तापाला अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि खरंच जंतूंचं इन्फेक्शन असेल तर बहुतेक वेळा एका सुईने ते बरं होत नाही, फक्त पुढचं कल्चर फसवं येतं. डेंग्यूच्या दिवसांत कमरेवरच्या इंजेक्शनने प्लेटलेट कमी असलेल्या माणसाच्या स्नायूत रक्त साठू शकतं. आमच्याकडेही "मॅडम, सुई नाही का देत?" असं विचारणारे रोज येतात. दोन मिनिटं समजावलं की बहुतेकांना पटतं. सेफट्रायॅक्झोनसारखी इंजेक्शनं २०१४ पासून एच वन यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि मेडिकलवाल्याला रुग्णाचं, डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये तीन वर्षं ठेवावं लागतं. उलट बाजूही सांगते. कृष्णेचा पूर ओसरल्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारं जंतूंचं इन्फेक्शन) होऊन कावीळ, लघवी कमी, दम अशा अवस्थेत कोणी आला, तर पेनिसिलिन किंवा सेफट्रायॅक्झोन शिरेतून देण्यात तासभरही दवडायचा नसतो. तिथे "हेवी आहे, नको" म्हणून अडून बसू नका.

तेव्हा आज फोनवर पाच गोष्टी: वजन आणि क्रिएटिनिनप्रमाणे डोस, पुढची रक्ततपासणी कधी, चालू गोळ्यांची यादी, कल्चरप्रमाणे गोळी शक्य आहे का, आणि इंजेक्शन कुठे घ्यायचं.

कोर्स संपल्यावर आठवड्याभराने क्रिएटिनिन एकदा करून घ्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ताप, कुशीत दुखणं, किंवा दिवसातून बऱ्याच वेळा पातळ जुलाब सुरू झाले तर जुलाबाची गोळी घेऊन थांबवत बसू नका, अँटिबायोटिक झाल्याचं सांगून डॉक्टरांना दाखवा. ऐकण्यातला फरक इंजेक्शन बंद झाल्यावरही दिसू शकतो, तो आढळला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. औषधाने काही त्रास झालाच तर त्याची नोंद रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात, त्यासाठी सरकारचा मोफत नंबर १८००-१८०-३०२४ आहे. फोन करताना वायलवरचा बॅच नंबर हाताशी ठेवा. म्हणून चारही वायलचे फोटो काढूनच त्या टाकायला द्या.